कोंडवाडा, कर्जरोखा आणि जहाज

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना समुद्र नाही. घोडनदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि हे सगळे पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात जाते. मुंबई बंदराशी त्याचा काही संबंध येत नाही. तरीही जप्ती, अटक, जामीन आणि तारण यांचा इतिहास लिहायचा तर या दोन तालुक्यांना वगळून तो लिहिता येणार नाही. देणे थकले की देणेकऱ्याचे नेमके काय धरायचे, त्याचे शरीर, त्याची जमीन की त्याची एखादी वस्तू, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये अशा रीतीने विचारला की सरकारला कायदा बदलावा लागला. समुद्रावरच्या कायद्याने याच प्रश्नाचे वेगळेच उत्तर दिलेले आहे. तिथे धनको जहाज धरतो, आणि जहाज धरतो ते बहुधा सोडण्यासाठीच.

मी या दोन तालुक्यांच्या दिवाणी न्यायालयांत वकिली केलेला माणूस. दरखास्त, जप्ती वॉरंट, बेलीफ आणि पंचनामा यांच्या सोबतीत माझी उमेद गेली. जहाजाच्या अटकेविषयी वाचू लागलो तेव्हा मला ती परकी वाटली नाही. ती आपल्याकडच्या कुठल्या गोष्टीशी जुळते आणि कुठे फारकत घेते, ते इथे मांडायचे आहे.

*

सुरुवात करू या रोख्यापासून, आणि त्यासाठी आधी समुद्रापलीकडे जावे लागते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, म्हणून मुंबईहून जाणाऱ्या कापसाचा भाव चढला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पेठांतल्या सावकारांना पैसा पुरवला, सावकारांनी तो शेतकऱ्यांना दिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला आणि दिलेला पैसा परत मागण्याची वेळ आली. त्यातच शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. म्हणजे शिरूरचा शेतकरी ज्या कर्जात रुतला, त्या कर्जाचा एक धागा मुंबई बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत जात होता.

कर्जाची वाढ कशी होई, तेही पाहण्यासारखे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचे बंधन आले. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा त्यामागचा हेतू. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की जुने मुद्दल आणि चढलेले व्याज एकत्र करून सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. व्याजाचे मुद्दल झाले आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज. दावा लागला तर शेतकरी बहुधा न्यायालयात हजरच होत नसे. हुकूमनामा एकतर्फी होई. मग दरखास्त. तिच्यात घर, जमीन, गुरे यांची जप्ती, आणि १८५९ च्याच दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे खुद्द ऋणकोला पकडून दिवाणी तुरुंगात ठेवण्याचीही सोय.

१८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध एका सावकाराने १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला. प्रकरण घरापर्यंत आले तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कसायची नाहीत, त्यांच्या दुकानी जायचे नाही, त्यांची कामे करायची नाहीत. बहिष्काराची ही लाट गावोगाव पसरली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात तिला वेगळे वळण लागले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि दौंडही त्याच तालुक्यात. लोकांनी सावकारांकडचे रोखे आणि वह्या मागितल्या. मिळाल्या त्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण गेले. सरकारने ९५१ जणांना पकडले.

या उठावात माणसे फारशी मारली गेली नाहीत. लोकांचा सगळा रोख कागदांवर होता, आणि मला त्यात मोठी समज दिसते. शेतकऱ्यांनी बरोबर ओळखले होते की आपल्याला बांधणारी गोष्ट सावकाराच्या हातात नाही, ती त्याच्या पेटीतल्या कागदात आहे. तो कागद त्यांच्या अंगाला चिकटला होता. जमीन गेली तरी तो सुटत नव्हता, बैल गेले तरी सुटत नव्हता, आणि सगळे संपल्यावर तो शरीरावर येत होता.

चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या दोन तरतुदी इथे महत्त्वाच्या. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करायची नाही. आणि जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर ती जप्त करून विकायची नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुढे काम केले. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्याच न्यायालयाकडे जहाजे अटकवण्याचा अधिकारही होता. शेतकऱ्याचे शरीर सोडवणारा कायदा आणि जहाजाचे शरीर धरणारा कायदा असे एका छपराखाली आले.

*

जहाजाकडे जाण्याआधी वाटेत एक गावठी मुक्काम करावा लागेल. तो म्हणजे कोंडवाडा.

आज बहुतेक गावांत कोंडवाड्याच्या पडक्या भिंतीच उरल्या आहेत, पण माझ्या पिढीने तो चालता पाहिला आहे. मोकाट जनावर कुणाच्या उभ्या ज्वारीत शिरले की शेतकरी ते हाकत आणून कोंडवाड्यात घाली. जनावर कुणाचे, हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. नुकसान जनावराने केले, म्हणून धरायचे जनावरालाच. मालक येईल, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरील आणि जनावर सोडवून नेईल. ठरल्या मुदतीत कुणीच आले नाही तर लिलाव, आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा मालकाच्या नावाने अनामत. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याची ही रीत. शिवाय कुणी खोडसाळपणे दुसऱ्याचे जनावर कोंडले तर त्याच्याकडून १०० रुपयांपर्यंत भरपाई वसूल करण्याची सोयही त्यात होती.

जहाजाच्या अटकेची सगळी हाडे या कोंडवाड्यात सापडतात. मालक दूर आहे किंवा अज्ञात आहे. नुकसानीशी किंवा देण्याशी संबंध असलेली वस्तू मात्र आपल्या हद्दीत उभी आहे. ती धरली की मालक आपोआप समोर येतो. त्याने पैसे किंवा हमी दिली की वस्तू सुटते. कुणीच न आल्यास लिलाव. आणि विनाकारण धरले तर धरणाऱ्याला जबाब द्यावा लागतो.

*

मुंबईत समुद्री न्यायालयाची कल्पना फार जुनी. १६८३ च्या सनदेने इंग्रज राजाने ईस्ट इंडिया कंपनीला असे न्यायालय स्थापण्याची परवानगी दिली. त्यात रोमन परंपरेचा दिवाणी कायदा जाणणारा एक विद्वान आणि दोन व्यापारी बसावेत, असे ठरले. १६८४ मध्ये डॉ. जॉन सेंट जॉन हे न्यायाधीश म्हणून आले. पुढे १७९८ चे रेकॉर्डरचे न्यायालय, १८२३ च्या सनदेचे सुप्रीम कोर्ट आणि १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय, असा तो अधिकार हाताहातांतून आला. १८९१ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन उच्च न्यायालये वसाहतीची ॲडमिरल्टी न्यायालये ठरली, आणि इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यात जेवढे बसेल तेवढेच त्यांनी करायचे, अशी चौकट पडली.

रांजणगाव औद्योगिक वसाहतीतून परदेशी माल पाठवणाऱ्या एका उद्योजकाने मला एकदा विचारले होते, "वकीलसाहेब, माल चढवला, जहाज निघून गेले, कागद हातात नाहीत आणि तिकडचा गिऱ्हाईक पैसे देत नाही. इथेच शिरूरच्या कोर्टात जहाजावर दावा लावता येईल का?" उत्तर सरळ होते. शिरूरच्या नाही, दौंडच्या नाही, पुण्याच्या जिल्हा न्यायालयातही नाही. जहाजाविरुद्धचा दावा फक्त उच्च न्यायालयात चालतो, आणि जहाज त्या उच्च न्यायालयाच्या सागरी हद्दीत उभे असावे लागते. माल रांजणगावचा असो, कुरकुंभचा असो, जहाज जिथे सापडेल तिथे धरायचे.

जवळजवळ अशीच अडचण गोव्याच्या एका कंपनीवर आली होती, आणि तिच्यामुळे भारताचा कायदाच बदलला. हरवान इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग या कंपनीचा माल घेऊन 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे परदेशी जहाज ८ फेब्रुवारी १९८४ रोजी मार्मागोवा बंदरातून निघाले. मालाची भरणपत्रे त्याने दिली नाहीत. खरेदीदाराने किंमत चुकती केली नव्हती, म्हणून माल त्याच्या हाती देऊ नका, असे कंपनीने कळवले. तरी तो देऊन टाकण्यात आला. आता दावा कुणावर आणि कुठे? मालक परदेशात, भारतात त्याची मालमत्ता नाही. पण जहाज पोटासाठी बंदरे फिरतच असते. १३ एप्रिल १९८४ ला ते विशाखापट्टणमला लागले आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या हुकमाने अटकेत पडले. मालकाने हरकत राखून १४,२५,००० रुपयांची बँक हमी दिली आणि जहाज सुटले. दावा मात्र चालूच राहिला. आता तो लढत होता जहाजाऐवजी उभ्या राहिलेल्या त्या हमीवर.

मालकाचा बचाव कायदेशीर दृष्ट्या धारदार होता. १८६१ च्या इंग्रजी कायद्यात बंदरात आणलेल्या मालाविषयी दावा सांगितला आहे; हा माल तर बंदरातून बाहेर गेलेला. शिवाय आंध्र उच्च न्यायालय तीन जुन्या ॲडमिरल्टी न्यायालयांपैकी नाही. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या निर्यातदाराने काय करावे? त्याने जहाजाच्या मालकामागे परदेशातल्या न्यायालयात जावे. २६ फेब्रुवारी १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. न्या. थॉमेन यांच्या निकालाचा गाभा असा, की आपली उच्च न्यायालये अभिलेख न्यायालये आहेत, त्यांचा अधिकार शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या कायद्यात गोठलेला नाही, आणि नागरिकाला न्यायालयाचे दार उघडे असणे म्हणजे न्याय देण्याची ताकदही त्या न्यायालयाकडे असणे. संसदेने नवा कायदा करावा, ही गरजही त्यातून पुढे आली. तो यायला पाव शतक लागले. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला आणि तीनऐवजी आठ उच्च न्यायालयांना हा अधिकार मिळाला.

*

प्रत्यक्ष अटक कशी होते? मुंबई उच्च न्यायालयात वादी दावा दाखल करतो. दाव्यात प्रतिवादी म्हणून जहाजाचेच नाव असते. सोबत प्रतिज्ञापत्र, आणि अटक चुकीची ठरल्यास नुकसान भरून देण्याची लेखी हमी. त्या जहाजासाठी कुणी आधीच कॅव्हेट दाखल केले आहे का, हे पाहावे लागते; कारण अटकेची धास्ती असलेला मालक आधीच येऊन 'दावा लागला तर मी हजर राहीन आणि तारण देईन' असे नोंदवून ठेवू शकतो. जहाज भरती साधून निघून जाणारे असते, म्हणून सुनावणी तातडीची. न्यायाधीशांच्या निवासस्थानीही असे हुकूम झाले आहेत. हुकूम झाला की मुंबईच्या शेरीफच्या कार्यालयामार्फत वॉरंट बजावले जाते. शेरीफ हे आपल्याला मानाचे पद म्हणून माहीत आहे, पण त्याच्या कार्यालयाकडे हे जुने काम आहे. वॉरंट जहाजाच्या डोलकाठीवर किंवा वरच्या बांधकामावर डकवले जाते. बंदर आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना कळवले जाते. बेडी अशी काही नसते. बंदर सोडण्याची परवानगी मिळत नाही, एवढेच. तेवढे पुरते.

मग मालकाचा वकील येतो. वादीच्या बाजूने वाजवी रीतीने जास्तीत जास्त जेवढी रक्कम मान्य होऊ शकेल ती, अधिक व्याज आणि खर्च, एवढे तारण मागता येते, पण जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. न्यायालयात रोख भरणा किंवा बँक हमी, ही रूढ रीत. जहाजमालकांच्या विमा संघाचे हमीपत्र सर्वसाधारणपणे वादी मान्य करील तर चालते. तारण अवाच्या सवा मागितले गेले तर न्यायालय ते कमी करू शकते, आणि २०१७ च्या कायद्याने त्याचीही भरपाई वादीवर टाकण्याची मुभा आहे. तारण बसले की जहाज सुटते आणि त्या दाव्यापुरता त्याच्यावरचा डाग उतरतो. पुढे दावा पाच वर्षे चालो की दहा, जहाज समुद्रावर कमावत राहते.

माझ्या तालुक्याच्या न्यायालयात हुकूमनाम्यापूर्वी जप्ती मागणे किती कठीण, ते तिथे उभे राहिलेल्यालाच कळते. प्रतिवादी वसुली बुडवण्याच्या इराद्याने मालमत्ता विकतो आहे किंवा हलवतो आहे, हे दाखवावे लागते. नुसते 'येणे आहे' म्हणून भागत नाही. जहाजाच्या बाबतीत इराद्याचा प्रश्नच येत नाही. दावा समुद्री स्वरूपाचा आणि सकृद्दर्शनी टिकणारा असला की पुरे. आणखी एक फरक अधिक बोलका आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते, शेतकऱ्याची औते, पोटापाण्यासाठी लागणारे बैल आणि बियाणे जप्त करू नका. ज्याच्यावर तो कमावतो ते हिसकावू नका. समुद्रावर नेमके उलटे. मालक ज्याच्यावर कमावतो तेच धरायचे, म्हणजे तो धावत येईल.

हे दोन नियम एकमेकांविरुद्ध दिसतात, पण माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच शहाणपण आहे. धरलेली वस्तू लवकर सोडवता येणार असेल तर ती धरायला हरकत नाही. सोडवता येणारच नसेल तर तिला हात लावू नका. जहाजमालकामागे बँक असते, विमा संघ असतो, आठवड्याभरात हमी उभी राहते. शिरूरच्या शेतकऱ्यामागे १८७५ मध्ये कोण होते? बैल जप्त झाले तर ते सोडवायला त्याने पुन्हा त्याच सावकाराकडे जायचे आणि नवा रोखा लिहून द्यायचा. जामीन द्यायला ज्याच्याकडे कुणी नाही, त्याच्यावरची जप्ती ही जप्ती राहत नाही, ती शिक्षा होते. म्हणून त्याच्यासाठी कायद्याला वस्तूभोवती कुंपण घालावे लागले, आणि जहाजासाठी सुटकेचे दार ठेवावे लागले.

*

हे दार जेव्हा कुणीच उघडत नाही, तेव्हा समुद्रावरही कर्डे-सुप्याची अवस्था येते. मालक बुडाला किंवा त्याने जहाजाकडे पाठ फिरवली, तर तारण कोण देणार? जहाज नांगरावर पडून राहते, आणि त्यावर खलाशीही. जहाज रिकामे सोडता येत नाही; किमान माणसे त्यावर असावीच लागतात. वॉरंटवर नाव जहाजाचे, पण अडकून पडतात ती माणसे. इंधन संपत येते, गोडे पाणी मोजून वापरावे लागते, घरी पैसे जात नाहीत. ज्यांचे देणे नव्हते, उलट येणेच होते, तेच धरले जातात.

अशा वेळी कायदा दोन आधार देतो. पहिला अग्रक्रमाचा. जहाजाचा लिलाव झाला की खरेदीदाराला ते सर्व बोजांपासून मुक्त मिळते आणि किंमत न्यायालयात जमा होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्या पैशावर सागरी धारणाधिकार असलेल्या देण्यांचा हक्क गहाणदार बँकेच्याही आधी येतो, आणि त्या देण्यांतही सर्वांत वर असतात खलाशांचे पगार. त्यानंतर जीवितहानी आणि इजा, मग जहाज वाचवल्याचा मोबदला, मग बंदराची देणी. इतर असे धारणाधिकार वर्षात संपतात. पगाराचा दोन वर्षे टिकतो. २०१९ मध्ये मुंबईहून गोव्याच्या सफरी सुरू करणारे 'कर्णिका' हे प्रवासी जहाज अनेकांना आठवत असेल. टाळेबंदीत धंदा बुडाला, खलाशांचे पगार आणि इतर देणी थकली, मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकमाने २०२० मध्ये त्याचा लिलाव झाला आणि ते अलंगला मोडीत गेले. जहाज मोडीत गेले तरी देण्यांचा क्रम मोडत नाही.

दुसरा आधार अधिक दूरदृष्टीचा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातल्या दुरुस्तीप्रमाणे १८ जानेवारी २०१७ पासून जहाजमालकाने खलाशांसाठी आर्थिक तारण आधीच काढून ठेवायचे असते. जहाज बेवारस सोडले गेले तर त्यातून खलाशांना चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी आणि घरी परतण्याचा खर्च मिळतो. भारताने हा करार ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला आहे. या तारणाचा दाखला जहाजावर ठळक जागी लावावा लागतो. म्हणजे जहाज धरल्यावर तारण मागण्याऐवजी, जहाज निघण्याआधीच तारण.

कोंडवाडा, १८७९ चा कायदा आणि जहाजाची अटक यांच्यात मला एकच चाल दिसते. कायदा माणसाच्या अंगावरून हळूहळू हात काढून वस्तूवर ठेवतो, मग वस्तूवरून काढून हमीवर. पण हमी देणाऱ्याच्या ऐपतीवर हे सगळे उभे आहे. रांजणगावच्या उद्योजकाला जहाज धरता येते, ग्रीसमधल्या मालकाला ते सोडवता येते. दोघांनाही आपापला रस्ता आहे. नांगरावर पडलेल्या जहाजातल्या खलाशाचा रस्ता अजून अरुंद आहे, आणि चार महिन्यांच्या पगाराने तो थोडा रुंद झाला आहे, एवढेच. १८७५ मध्ये कर्ड्याच्या आणि सुप्याच्या शेतकऱ्याकडे तेवढेही नव्हते. त्याच्या वतीने तारण ठेवायला कुणी नव्हते, म्हणून त्याने कागदच जाळला.